सुपातली टोकनं

महादेव सरांनी रिपोर्ट आधीच टाइप करून दिला होता. राजश्रीनं कुरणवाडीला जायचं, मशीन उघडायची, चार फोटो काढायचे आणि खाली सही करायची, एवढंच काम होतं. 'पेटीत सापडलेली टोकनं आमच्या कंपनीची नसून बाहेर बनवलेली आहेत,' असं त्या कागदावर लिहिलं होतं. बस हत्तरगीच्या टोलनाक्यापाशी थांबली तेव्हा तिनं तो पुन्हा एकदा वाचला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला.

राजश्री मगदूम मूळची चिकोडीकडची. डिप्लोमा झाल्यापासून बेळगावच्या खासबागेत खोली घेऊन राहत होती आणि उद्यमबागेत महादेव सरांच्या छोट्या कारखान्यात काम करत होती. तिथं पाण्याच्या मशीन बनायच्या. टोकन टाकलं की वीस लिटर शुद्ध पाणी. पूर्वी पाच रुपयांचं नाणं चालायचं, पण लोक नाण्याएवढे लोखंडी वायसर टाकायला लागले, म्हणून टोकन आलं. पिवळ्या, थोड्या आरपार दिसणाऱ्या प्लॅस्टिकचं. फटीतून ते आत घसरताना एका बाजूला बारीक दिवा लागायचा आणि समोरचा सेन्सर टोकनातून किती उजेड पलीकडे आला ते मोजायचा. आकडा बसला तर हिरवा दिवा आणि पाणी. नाही बसला तर लाल दिवा, आणि टोकन खालच्या कुलूपबंद पेटीत जमा. हा भाग राजश्रीनं स्वतः जमवला होता. तिला त्याचा अभिमान होता.

कुरणवाडीत मार्चपासून नदी आटली होती. पंचायतीनं पाणी पुरवून वापरायचं ठरवलं आणि दर सोमवारी प्रत्येक घराला ठरावीक टोकनं वाटायला सुरुवात केली. पैसे नाहीत, टोकन हाच पाण्याचा वाटा. एप्रिल संपता संपता मशीन टोकनं नाकारायला लागली, पण ती एकाच गल्लीची. विड्या वळणाऱ्या बायकांची गल्ली. बाकी गावाची टोकनं टाकली की पाणी यायचं, ह्यांची टाकली की लाल दिवा. गावानं त्यातून एकच अर्थ काढला: ह्या बायका नकली टोकनं टाकतात. तीन आठवडे झाल्यावर पंचायतीनं त्या गल्लीला टोकनं देणंच थांबवलं. आज गुरुवार होता. दुपारी तीनला पोलीस येणार होते आणि त्यांना कंपनीचा कागद लागणार होता.

निपाणी स्टँडवर तिला घ्यायला आण्णाप्पा आले होते. पंचायतीचे मेंबर, मिलिटरीतून निवृत्त झालेले, साठीचे. मोटरसायकलवर गाव जवळ आल्यावर ते म्हणाले, की आपल्याच गावातल्या बायका असं काही करतील हे त्यांना अजून खरं वाटत नाही, पण मशीन काय कुणाची जात-गल्ली बघून लाल दिवा लावत नाही.

मशीनच्या शेडपाशी माणसं आधीच जमली होती. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला पाच-सहा बायका, रिकाम्या हातानं. राजश्रीनं किल्ली लावून पेटी उघडली आणि टोकनं पत्र्यावर ओतली. आकार तोच, जाडी तीच. एक उचलून तिनं उन्हात धरलं. रंग किंचित मळका वाटला. मग तिनं कडेवरून नख फिरवलं आणि तिचा हात थांबला. कारखान्यातल्या साच्याला एकदा हातोडी लागली होती, तेव्हापासून प्रत्येक टोकनाच्या कडेला मोहरीएवढा दाणा उठायचा. तिनं दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. सगळ्यांना दाणा होता.

टोकनं त्यांचीच होती.

ती शेडच्या मागं गेली आणि महादेव सरांना फोन लावला. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. दाणा काय, कुणीही उठवू शकतं, असं म्हणाले. अकरा पंचायतींची ऑर्डर पुढच्या आठवड्यात नक्की व्हायची आहे, आणि त्या ऑर्डरी 'ही मशीन चोर पकडते' एवढ्या एका गोष्टीवर येत आहेत, याची त्यांनी आठवण करून दिली.

"आणि राजश्री," ते म्हणाले, "एप्रिलमध्ये आपण लिमिट वर नेली, ते तिथं काढायचं नाही. सही कर आणि दुपारच्या बसनं परत ये."

ते त्यांनी काढेपर्यंत तिच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. मार्चमध्ये दुसऱ्या एका गावात लोकांनी तेलाच्या डब्यांची पिवळी झाकणं कापून टाकली होती आणि मशीननं ती घेतली होती. सर चिडले होते. मग एप्रिलमध्ये तिनं कारखान्यात बसून शंभर कोरी टोकनं तपासली आणि उजेडाची हद्द साडेचारशेवरून साडेपाचशेवर नेली. एक बटण दाबून ती सगळ्या गावांतल्या मशीनला पाठवली. कोरी टोकनं सहाशेच्या वरच भरत होती, त्यामुळं तिला काळजी वाटली नव्हती.

तिनं लॅपटॉप जोडून पेटीतली टोकनं एकेक करून सेन्सरसमोर धरली. चारशे नव्वद. पाचशे दहा. चारशे सत्तर. जुन्या हद्दीत ही सगळी बसली असती. पण मग बाकी गावाची टोकनं का कमी भरत नाहीत? ती एवढंच सांगायला उभी राहिली असती तर पहिला प्रश्न हाच आला असता. दीड वाजला होता.

तिनं आण्णाप्पांना सांगितलं, की तिला ती गल्ली बघायची आहे. त्यांना ते पटलं नाही. गाव म्हणेल मॅडम त्यांच्या बाजूच्या झाल्या, असं ते म्हणाले. तरी ती निघाली. कुणी तिच्यामागं आलं नाही.

पहिल्याच घराच्या उंबऱ्यात धोंडूबाई बसली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. विडी वळायचं काम तिनं थांबवलं नाही.

"सही करायला आलीस न्हवं?"

"अजून केली न्हाय, आक्का."

"कर की. आमच्यासाठी थांबू नको."

राजश्रीच्या घशाला कोरड पडली होती. कोपऱ्यात घागर होती, तिनं प्यायला पाणी मागितलं. धोंडूबाईचे हात पहिल्यांदा थांबले.

"ते पिऊ नको. रानातल्या हिरीचं हाय. माझी नात त्यानंच निपाणीच्या दवाखान्यात पडलीया. सा वर्साची हाय. काल रातीपासनं सलाइन चाललंय."

राजश्री खाली बसली. तिनं विचारलं, की एखादं टोकन शिल्लक आहे का. धोंडूबाईनं मान वर न करता सुपात हात घातला आणि तंबाखूच्या ढिगाखालून एक पिवळं टोकन काढून तिच्या हातावर ठेवलं. ते चिकट होतं. राजश्रीनं ते परत करताना स्वतःची बोटं बघितली. शेंडे तपकिरी झाले होते.

"टोकन सुपात ठेवता?"

"मग कुठं ठेवू? पाण्याचा भोंगा झाला की हातातलं टाकून पळायचं. लुगड्याच्या गाठीत शोधत बसलं तर नंबर जातोय. गल्लीत सगळ्यांची सुपातच असत्यात."

"सोमवारपासनं?"

"सोमवारी आणलं की सुपात. संपंस्तोवर."

राजश्री उठली आणि मशीनकडे जवळजवळ पळतच गेली. पर्समध्ये सर्किट पुसायची स्पिरिटची बाटली आणि कापूस होता. पेटीतलं एक टोकन घेऊन तिनं पुसलं. कापूस चहासारखा झाला.

तोपर्यंत अडीच वाजले होते आणि गर्दी वाढली होती. महादेव सरांचा फोन पुन्हा आला. तिनं तो उचलला नाही. लॅपटॉपच्या बाजूला पालथा ठेवला. मग ती आण्णाप्पांना म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की ही टोकनं नकली नाहीत. तंबाखूचा चिकटा बसून ती काळपट झाली आहेत, त्यातून उजेड कमी जातो, म्हणून मशीन फसते. हद्द जास्त कडक ठेवली, ती मी ठेवली. गावातल्या कुणाची चूक नाही.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, की किल्ली यांच्याच हातात, आत काय फिरवलं कुणाला ठाऊक. राजश्रीनं बाटली आणि कापूस आण्णाप्पांच्या हातात दिला आणि स्वतः मशीनपासून चार पावलं मागं सरली.

आण्णाप्पांनी पेटीतलं एक टोकन घेतलं. बंदुकीचा भाग पुसावा तसं सावकाश पुसलं आणि फटीत टाकलं. हिरवा दिवा लागला. नळातून पाणी आलं आणि खाली भांडं नसल्यामुळं फरशीवर वाहून गेलं. कुणीतरी धावत जाऊन बादली लावली.

त्यांनी दुसरं घेतलं, तसंच पुसलं, टाकलं. लाल.

लोकांत कुजबुज सुरू झाली आणि लगेच मोठी झाली. एक खरं निघालं म्हणून सगळी खरी का, असं दोघं-तिघं एकदम बोलायला लागले. राजश्री सांगायचा प्रयत्न करत होती, की ह्याच्यात डाग खोल मुरला आहे, पुसून पूर्ण जात नाही. तिचा आवाज कुणापर्यंत पोचत नव्हता. आण्णाप्पा हातातल्या कापसाकडे बघत उभे होते. रस्त्याकडे बघून कुणीतरी विचारलं, पोलीस आले का.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून धोंडूबाई पुढं आली. काखेला सूप होतं. ती राजश्रीच्या मागोमाग आली होती हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आण्णा, तुमच्या घरातलं टोकन हाय का खिशात?"

आण्णाप्पांनी शर्टाच्या खिशातून टोकन काढलं. सोमवारी वाटलेलं, स्वच्छ. तिनं ते सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. मग चिमूटभर तंबाखू तळहातावर घेतली, थोडी ओली केली आणि त्यात टोकन चोळायला लागली. कुणाकडे न बघता, रोजचं काम करावं तशी. मिनिटभर, दोन मिनिटं. चोळून झाल्यावर तिनं ते पदराला पुसलं आणि आण्णाप्पांच्या हातात परत दिलं.

"तुम्हीच टाका."

आण्णाप्पांनी टाकलं. टोकन आत घसरल्याचा आवाज आला, मग पेटीत पडल्याचा. लाल दिवा लागला होता.

आण्णाप्पांनी खिशातून मोबाइल काढला आणि पोलीस ठाण्याला फोन करून कन्नडमध्ये सांगितलं, "बरब्याड्री." येऊ नका. तक्रार आम्ही मागं घेतो.

राजश्रीनं लॅपटॉप उघडून हद्द खाली आणली. हद्द का वाढवली होती ते तिनं सांगितल्यावर आण्णाप्पांनी विचारलं, की मग उद्या कुणी तेलाच्या डब्याची झाकणं कापून टाकली तर? ती म्हणाली, एखादं झाकण जाईल, वीस लिटर पाणी फुकट जाईल. आज जे झालं त्यापेक्षा ते परवडेल. त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून की दुसरा इलाज नव्हता म्हणून, ते तिला कळलं नाही. पंचायतीच्या कागदावर तिनं हातानं सगळं लिहिलं, हद्द कुणी वाढवली तेही लिहिलं, आणि खाली सही केली.

भोंगा झाला. त्या गल्लीच्या बायका पेटीतली परत मिळालेली टोकनं आणि घागरी घेऊन आल्या. त्यांना पुढं जाऊ द्या, असं कुणी म्हणालं नाही, पण बाकीचे आपोआप मागं राहिले. धोंडूबाईचा नंबर लागला तेव्हा राजश्री बाजूलाच उभी होती. तिला माफी मागायची होती. तिनं कशीबशी सुरुवात केली.

"लिहिलंस ते बरं केलंस," धोंडूबाई घागर नळाखाली सरकवत म्हणाली. "पर आदी गल्लीत येऊन बघायचं हुतंस, पोरी."

"व्हय," राजश्री म्हणाली.

घागर भरली. धोंडूबाईनं ती उचलली आणि दवाखान्यात पाणी पोचवायला कोण जातंय ते विचारत निघून गेली.

निपाणी स्टँडवर राजश्रीनं पर्समधला फोन बाहेर काढला. सरांचे सात फोन येऊन गेले होते. तिनं त्यांना लावला आणि काय लिहून दिलं ते सांगितलं. सर ओरडले नाहीत. उद्यापासून कारखान्यात यायचं नाही, एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. थोड्या वेळानं तिनं दुसऱ्या गावांची हद्द खाली आणायचा प्रयत्न केला, तर लॅपटॉपवर तिचं लॉगिन चालेना. पण मशीन बसवताना घेतलेले ऑपरेटरांचे नंबर तिच्या मोबाइलमध्ये होते. बेळगावची बस समोर लागली आणि निघून गेली. ती बाकावर बसून एकेका गावाला फोन लावत राहिली आणि एकच प्रश्न विचारत राहिली: लाल दिवा कुणाच्या टोकनाला लागतोय?

बहुतेक ठिकाणी कुणाच्याच टोकनाला लागत नव्हता. दोन गावांत विडीवाल्या बायकांच्या टोकनांना लागत होता. त्यातल्या एका गावच्या ऑपरेटरनं तिनं पाठवलेला पंचायतीच्या कागदाचा फोटो बघून त्याच दिवशी बायकांची टोकनं पुसून परत केली. तिनं नोकरी गेल्याचं लपवलं नाही, तेव्हा दुसऱ्या गावातला माणूस म्हणाला, कंपनीतून काढलेल्या बाईचं आम्ही का ऐकावं? तिनं वाद घातला नाही. तिकडं जाणाऱ्या रविवारी सकाळच्या बसचा टाइम विचारून घेतला आणि गावात विड्या वळणारी घरं कुठल्या बाजूला आहेत तेही विचारून घेतलं.