सणातला भात

आबांना मरणाची भीती नव्हती, पुरण्याची होती. "मला परक्यांत टाकू नका रे," एवढंच त्यांनी मुलाला सांगितलं होतं. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, कधी कुणाकडे काही मागितलं नाही. आणि मागून मागून मागितलं काय, तर हे! मुलाच्या क्रेनवरच्या नोकरीपायी सगळं बिऱ्हाड ह्या गावात आलेलं, आणि इथं ज्यूंची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कबरस्तान एकच, सिनेगॉगच्या मागं, त्याची किल्ली सेक्रेटरींच्या खिशात. मुलगा विचारायला गेला तर ते गोड हसून म्हणाले, "तुम्ही पडला नवे. पेसाहच्या सणाला या, लोकांना ओळख होऊ दे. मग कमिटी बघेल."

म्हणजे सण कसला, परीक्षाच! सून पडदे शिवण्याच्या दुकानातून घरी आली की कंबर कसून साफसफाईला लागायची. सणात घरात पावाचा कण राहता कामा नये, म्हणून तिनं मशीनच्या खणापासून आबांच्या उशीच्या अभ्र्यापर्यंत सगळं झटकून काढलं. आणि सणाच्या रात्री सेक्रेटरींच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून पातेलंभर भात केला. अगदी सासूच्या रीतीनं. तांदूळ पांढऱ्या कापडावर पसरायचे, पुन्हा पुन्हा निवडायचे. गव्हाचा एक दाणा चुकून आला आणि भातात शिजून फुगला तर सण बाटला. सासूला जाऊन वर्षं लोटली, तरी निवडायला बसलं की आबा कुशीवर वळून बघत राहायचे. "घारीची नजर होती गं तिची," म्हणायचे.

सेक्रेटरीणबाईंनी पातेल्याचं झाकण उचललं आणि आत विंचू दिसावा तसं परत ठेवलं.

"भात? सणात?"

"ह्यात खमीर नाही हो, काकू. नीट निवडून घेतलाय. आमच्याकडे खातात."

"आमच्याकडे सणात तांदूळ उंबरासुद्धा ओलांडत नाही. सात पिढ्यांत कुणी खाल्ला नाही." मग त्या नवऱ्याकडे वळल्या आणि हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत म्हणाल्या, "हे नक्की आपल्यातलेच ना?"

पातेलं बाहेर पायरीवर गेलं. टेबलाशी मिसरातल्या गुलामीतून पूर्वजांच्या सुटकेची गोष्ट वाचून झाली, प्रार्थनेत भुकेल्यांना जेवायला बोलावूनही झालं, आणि सुनेच्या घशाखाली रीतीच्या कडू पाल्याशिवाय काही उतरलं नाही. नवरा शेजारी मान खाली घालून बसलेला. बायकोच्या बाजूनं एक शब्द बोलेल तर शपथ! निघताना सेक्रेटरी म्हणाले, "सणाच्या मधल्या दिवसांत येऊन आजोबांना भेटतो. मग काय ते ठरवू."

घरी आबा वाट बघत पडले होते. "आवडला का गं भात लोकांना?"

"बोटं चाटली, आबा," ती म्हणाली. आता ह्याला कुणी खोटं म्हणायचं तर म्हणा. आबा इतके खुलले की नवऱ्यानं तोंड फिरवलं.

आबांना दात नव्हते. बेखमीर रोटी त्यांना चावायची नाही, त्यामुळे रोज दोन घास भातच काय तो पोटात जाई. सेक्रेटरी नवराबायको यायचे होते दुपारी, उगवले सकाळी. गॅसवर भात रटरटत होता. दारावर थाप पडल्याबरोबर सुनेनं ते तापलेलं पातेलं तसंच हातांनी उचललं आणि न्हाणीघरात बादलीमागं सरकवलं. बोटं चांगली पोळली. पातेलं लपलं हो, पण वास कुठं लपवणार?

आणि आबांना तर कशाचा पत्ताच नव्हता! ते आता भात मागतील, मग मागतील, ह्या धास्तीनं ती पलंगापासून हलेना. सेक्रेटरीणबाईंनी पलंगाशी खुर्ची ओढली आणि आडवळण न घेता सरळ विचारलं, "आजोबा, सणात तुम्ही काय खाता? त्या रात्री सुनेनं भात आणला होता. आम्हाला बाहेर ठेवावा लागला. म्हणून विचारते."

आबांनी सुनेकडे बघितलं. तिचा पडलेला चेहरा बघितला, लाल झालेली बोटं बघितली.

"भात? छे छे," ते म्हणाले. "सणात रोटीच. पाण्यात भिजवून खातो."

"मग ही कशी काय...?"

"तिचा दोष नाही. माझ्या बायकोनं शिकवलं तिला. बायको अडाणी होती हो माझी. धर्मातलं तिला काय कळत होतं!"

सेक्रेटरीणबाईंचा चेहरा निवळला. खोलीत भाताचा वास घमघमत होता. बाईंना तो आला नसेल असं नाही, पण त्यांना जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं. सेक्रेटरींनी आबांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "कमिटीचं माझ्याकडे लागलं. काळजी करू नका, आजोबा. तुम्ही आपलेच."

ते गेल्यावर सुनेनं वाटीत भात काढला आणि पलंगाशी आणला. "आबा, घ्या ना. अजून गरम आहे."

आबांनी तोंड भिंतीकडे केलं. "तिला अडाणी म्हणालो मी. चारचौघांत. आता तिचाच भात कुठल्या तोंडानं खाऊ?"

"पण जागा मिळाली ना, आबा."

"मिळाली गं. पण वर भेटली तर बोलायची नाही ती माझ्याशी."

वाटी हातात धरून सून तशीच उभी राहिली. तिला रडू फुटलं, आणि रडता रडता जागा मिळाली म्हणून बरंही वाटत होतं, त्याची तिला भयंकर लाज वाटली. आबा काही वळले नाहीत. मग तिनं भात आत नेऊन ठेवला, एक रोटी मोडून पाण्यात भिजवली, आणि त्यांना भरवायला बसली.