दोनर

सुप्रभा पुण्यात रशियन शिकली, कारण त्या काळी रशियन पुस्तकं भेळेपेक्षा स्वस्त मिळायची. लग्नानंतर ती लीड्सला आली आणि पंचवीस वर्षं त्या भाषेशिवाय तिचं काही अडलं नाही. "तुझं रशियन म्हणजे रुखवत गं," नवरा, गिरीश, म्हणायचा, "मांडायचं, वापरायचं नाही." मग युद्ध झालं, युक्रेनची माणसं आली. शेतांवर स्ट्रॉबेरी तोडायला कझाकस्तानातून पोरं यायला लागली. या सगळ्यांना रशियन यायचं, आणि रुखवत वापरात आलं. हॉस्पिटलं तिला दुभाषी म्हणून बोलावू लागली.

येरलान तेवीस वर्षांचा होता. शेतावरून सायकलनं परतताना त्याला व्हॅननं उडवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी फोनवर दिसणाऱ्या त्याच्या आईला स्पष्ट सांगितलं, की मेंदू मृत झालाय, म्हणजे येरलान गेलाय. श्वास चाललाय तो मशीनचा. अर्थात हे इंग्रजीत. रशियनमध्ये सांगायचं काम सुप्रभाचं.

इथे तिचं माहेर, कोल्हापूर, आडवं आलं. तिच्या घरून 'गेले' असा पहिला फोन कधीच जात नसे. "सीरियस आहेत, निघा," असा जायचा. ऐकणारा काय ते समजायचा आणि डोळे पुसत एसटीत बसायचा.

"फार सीरियस आहे," सुप्रभा रशियनमध्ये म्हणाली. "मशीन श्वास देतंय."

"तरुण आहे," आई म्हणाली. "उठेल."

सुप्रभानं हे वाक्य गिळलं. "आईंनी ऐकलंय," असं तिनं डॉक्टरांना सांगितलं. दुपारी नीट सांगू, असं स्वतःलाही सांगितलं.

दुपारी वेगळी नर्स आली. येरलानबरोबर शेतावर राबणारी युक्रेनियन हालीना फोन धरून उभी होती. आईला सकाळीच सगळं कळलंय, अशा समजुतीनं नर्स हळुवार बोलू लागली.

"एक मिनिट हं," सुप्रभा म्हणाली, पण तोवर वाक्याच्या टोकाला तो शब्द येऊन गेला होता. डोनर. अवयव देणारा. मूळ लॅटिन. रशियनमध्ये दोनर, युक्रेनियनमध्ये दोनर, कझाकमध्येही दोनर. या तिन्ही भाषांचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि दुभाष्याची गरज संपली होती.

हालीनाच्या हातातला फोन कलला. पडद्यावरची आई तिरपी झाली.

"दोनर? माझा येरलान?" मग तिनं सुप्रभाकडे पाहिलं. "तुला सकाळी माहीत होतं? मी सकाळपासून त्याच्या परतीच्या विमानाची चौकशी करतेय."

"काय म्हणाल्या?" नर्सनं विचारलं.

दुभाष्यानं काही गाळायचं नसतं. सकाळी मोडलेला नियम सुप्रभानं आता पाळला. "त्या विचारतायत, दुभाषी बाईंना सकाळीच माहीत होतं का."

नर्सनं हातातला फॉर्म उलटा करून मांडीवर ठेवला.

"हो," सुप्रभा आईला म्हणाली.

"मग म्हण."

'तो गेला' याला रशियनमध्ये एकच शब्द पुरतो. पहिल्याच वर्षी शिकवतात. सुप्रभानं तो म्हटला.

आईनं डोळे मिटले. मग म्हणाली, "फोन त्याच्या कानाशी ने."

हालीनानं नेला. आई कझाकमध्ये बोलू लागली. सावकाश, मध्ये मध्ये थांबत, उत्तराला जागा ठेवत. सुप्रभाला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. भाषांतर कुणी मागितलंही नाही.