शाबूत राहिलेले तुकडे

“हाच का तो खडक?” सलाइन लावलेला हात न हलवता वसुधाने मान तेवढी लॅपटॉपकडे वळवली.

कुमार दचकला. ह्यूस्टनच्या या हॉस्पिटलात दर महिन्याला तिच्या आमवाताचं औषध थेंबाथेंबाने शरीरात जायचं आणि तोवर हा शेजारच्या खुर्चीत बसून ऑफिसचं काम उरकायचा. आज मात्र बराच वेळ एकच फोटो उघडा होता.

“हा शेल, गाळाच्या मातीचा खडक. जमिनीखालच्या तेलाच्या वरचं झाकण. गेल्या आठवड्यात मी रिपोर्ट दिला, झाकण पक्कं आहे म्हणून.”

“मग?”

“शांत, खोल समुद्रात बसलेला शेल असला की नुसती बारीक माती असते. तेल वर सरकत नाही. हा नदीच्या मुखाशी बसलाय. दर पुराने मध्ये वाळूचा पापुद्रा टाकलाय. तिथून सगळं तेल निसटून गेलं असणार.”

लग्नापासून शेलवरची प्रवचनं ऐकून वसुधा या विषयात अर्धी पदवीधर झाली होती. “मग टेस्टमध्ये पास कसा झाला?”

“वाळूवाले तुकडे लॅबमध्ये कापतानाच फुटले. शाबूत राहिले तेवढेच टेस्ट केले. बाकीच्यांचं काय झालं, मी विचारलंच नाही.”

“म्हणजे पाहुण्यांच्या ताटात अख्ख्या चकल्या आणि चुरा डब्यात.”

एरवी तो हसला असता. तेवढ्यात राजसचा फोन आला. राजस हुद्द्याने कुमारचा साहेब, वयाने पुतण्या शोभेल असा. सकाळीच कुमारने त्याला ही शंका सांगितली होती.

“काका, उद्या मॅनेजमेंट विहीर खणायला ओके देतंय. तेलाची ही जागा, हे प्रॉस्पेक्ट, ड्रॉप झालं तर आपला ग्रुपच बंद करतील. रिपोर्ट आहे तसा राहू द्या ना. शेवटी अंदाजच असतो.”

“संध्याकाळपर्यंत सांगतो,” म्हणून कुमारने फोन ठेवला.

वसुधाला सगळं ऐकू गेलं होतं. नोकरी गेली की इन्शुरन्स जाणार, आणि पासष्टीनंतर मिळणाऱ्या सरकारी मेडिकेअरला दोघांनाही अजून अवकाश होता. औषध एक महिना चुकलं की तिला साधी वेणी घालता येत नसे. त्या दिवसांत कुमार घालून द्यायचा, वाकडीतिकडी. त्याला भीती वाटत होती, आणि ती स्वतःसाठी नव्हती.

“तू माझ्याकडे बघून ठरवू नकोस,” ती म्हणाली.

“मग कुणाकडे बघू?”

ती हळूच म्हणाली, “खोटं लिहिलंस तर घरभर तोंड पाडून फिरशील. ते मला बघवणार नाही. लिही काय ते.”

कुमारने मेल लिहिली. रिपोर्ट मागे घेतो, फुटलेले तुकडे हिशेबात धरले तर झाकण भरवशाचं नाही. दोनदा वाचून पाठवून दिली. राजसचं उत्तर लगेच आलं. “ओके काका. काकूंना सांभाळा.”

औषध संपलं. नर्सने सुई काढून पट्टी लावली आणि नेहमीसारखं इंग्रजीत विचारलं, पुढच्या महिन्याची तारीख देऊ ना, इन्शुरन्स तोच?

कुमार वसुधाकडे बघू लागला.

“आज तरी तोच आहे,” वसुधा म्हणाली. “तारीख द्या.”

कुमार तिच्या पायाशी बसला आणि तिच्या बुटांच्या नाड्या बांधू लागला. बांधून झाल्या तरी तो बराच वेळ तिथेच बसून होता. तिने घाई केली नाही.