डाव्या हातातलं रक्त

प्रसूती विभाग बंद झाला आणि बावीस वर्षं तिथे घालवलेल्या ताईंची बदली अतिदक्षता विभागात झाली. तिथे नव्यांना शिकवायला कोण, तर त्यांचीच धाकटी भावजय! घरात ताईंचा शब्द शेवटचा. इथे मात्र सगळ्यांसमोर तिला ‘मॅडम’ म्हणताना त्यांची जीभ जड व्हायची.

भावजय शिकवायची मात्र मनापासून. संध्याकाळी भाजी चिरता चिरता प्रश्न सुरू.

“पोटॅशियम वाढलं की मॉनिटरवर काय दिसतं, ताई?”

“लाटेचं शेवटचं टेकाड टोकदार होतं. तंबूसारखं.”

“का घाबरायचं त्याला?”

“हृदय बंद पडू शकतं म्हणून. अगं, भावजय आहेस की परीक्षक?”

ताई कुरकुरायच्या, पण वहीत सगळं उतरवून घ्यायच्या.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. दोन नंबरच्या खाटेवर एक म्हातारे बुकबाइंडर होते. पोटाचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस, मूत्रपिंडं आधीपासूनच अधू. अकरा वाजता ताईंनी त्यांचं रक्त तपासणीला पाठवलं. साडेबाराला लॅबमधून फोन आला. तो भावजयीने घेतला, आकडे लिहिता लिहिता तिचा चेहरा उतरला.

“साखर अकराशे चार! सोडियम एकशे सव्वीस. हिमोग्लोबिन सकाळी अकरा होतं, आता नऊ. पोटॅशियम पाच पूर्णांक तीन, ते चालेल.”

डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले होते. तिथून कुणीतरी फोनवर निरोप दिला: इन्सुलिन लगेच द्या, डॉक्टर पोचतातच. भावजय औषधांच्या ट्रॉलीकडे धावली.

ताई खाटेपाशी गेल्या. बुकबाइंडर टक्क जागे होते.

“सिस्टर, माझा चष्मा द्या ना. लेक यायची वेळ झाली. मी तिला ओळखलं नाही, तर ती समजेल बाबा गेले कामातून.”

ताईंनी चष्मा दिला, पण मनात काहीतरी खुपलं. साखर अकराशे असलेला माणूस असा थट्टा करेल? त्यांनी मॉनिटरकडे पाहिलं. प्रत्येक लाटेच्या शेवटी टोकदार तंबू. पोटॅशियम बरं असताना तंबू कसे?

मग त्यांची नजर बुकबाइंडरांच्या डाव्या हातावर गेली. कोपराच्या घडीत त्यांनीच चिकटवलेला कापसाचा बोळा. आणि त्याच हाताच्या मनगटात सुई, सुईला नळी, नळीतून थेंब थेंब उतरणारं ग्लुकोजचं सलाईन. उजव्या हाताची शीर सापडत नव्हती म्हणून त्यांनी डाव्यातून रक्त घेतलं होतं. सलाईन बंद न करता.

गुपचूप दुसरं रक्त पाठवावं? कुणाला कळणारही नाही. पण मागे वळल्या तर भावजय सिरिंज भरून येतच होती.

“ताई, बाजूला व्हा.”

“थांब!”

“डॉक्टरांनी सांगितलंय. वेळ नाहीये!”

“अगं, थांब म्हणते ना! रक्त मी सलाईनच्या हातातून घेतलं. सलाईन चालू होतं. ती साखर सलाईनची आहे, ह्यांची नाही.”

भावजयीचा हात हवेतच राहिला. पलीकडच्या खाटेवरची नर्सही वळून पाहू लागली. ताईंच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या, पण आता तोंड उघडलंच होतं.

“बाकीचं सगळं पातळ झालंय. पोटॅशियमसुद्धा. मॉनिटर बघ, खरं त्याहून जास्त असणार.”

भावजयीने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, बुकबाइंडरांच्या उजव्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. साखर एकशे बत्तीस. ते इन्सुलिन गेलं असतं, तर साखर थेट तळाला गेली असती.

“उजव्या हातातून रक्त घ्या. विभागातल्याच मशीनवर लावू,” ती म्हणाली.

ताईंनी दंडाला पट्टा आवळला. या वेळी शीर पहिल्याच फटक्यात लागली. मशीनने दोन मिनिटं घेतली, ती दोन तासांसारखी गेली. पोटॅशियम सहा पूर्णांक सहा.

भावजयीने थेट ऑपरेशन थिएटरला फोन लावला आणि डॉक्टरांनाच बोलवायला सांगितलं. हृदय सांभाळायला कॅल्शियम द्या, ते म्हणाले. ती शिरेतून हळूहळू इंजेक्शन देत होती, ताई नाडीवर बोट ठेवून आकडे सांगत होत्या.

“अठ्ठावन्न... साठ... बासष्ट...”

“टोकं?”

“अजून आहेत.” आणि थोड्या वेळाने, “बसतायत. बसली गं!”

“काय बसलं?” बुकबाइंडरांनी विचारलं.

“काही नाही, काका. पडून राहा,” दोघी एकदमच म्हणाल्या.

पुढचं डॉक्टरांनी येऊन सांभाळलं. चारपर्यंत पोटॅशियम साडेपाचावर आलं आणि बुकबाइंडर लेकीपाशी जेवणाबद्दल तक्रार करू लागले.

ड्युटी संपताना भावजयीने औषधांच्या खोलीत चुकांच्या नोंदीचा फॉर्म काढला. ताई दारात उभ्या होत्या.

“लिही. माझ्याच हातून झालं.”

“तुमचं लिहिलंय, ताई. माझंही लिहितेय.” तिने मान वर केली नाही. “आकडा ऐकला आणि सिरिंज भरली. पेशंटचा चेहरा बघितलाच नाही मी. बोटाची साखर बघायला किती वेळ लागतो?”

फॉर्मचे परिणाम ताईंना माहीत होते: महिनाभर कुणाच्या तरी देखरेखीखाली काम, वरच्यांचे प्रश्न. त्यांनी खुर्ची ओढली, पेन घेतलं आणि भावजयीच्या सहीखाली आपली सही केली.

“घरी काय सांगायचं?” भावजयीने विचारलं.

“जे झालं ते. पण आधी चहा.”