कोनाड्यातला गूळ

डोळे मिटा आणि एक घर नजरेसमोर आणा. तापीकाठचं कोरीट गाव, उन्हाळ्याची दुपार. इतकी शांत, की कडुलिंबाचं पान पडलं तरी ऐकू यावं. मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं आहे. आत कोनाड्यात केळीच्या पानावर गुळाचा खडा ठेवला आहे. आता दाराकडे पाठ करून बसा. काहीही झालं तरी वळायचं नाही.

तुमच्याएवढी रंजना रोज अशी बसायची. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या हिवाळ्यात तिची आई शांतीबाई तापाने गेली. त्या घरची रीत होती: माणूस गेलं, की वर्षभर दुपारी त्याच्या आवडीचा घास ठेवायचा. तो खाल्ला जाताना कुणी पाहायचं नाही. पाहिलं, तर ते माणूस पुन्हा येत नाही.

रंजना कान देऊन बसायची. कधी आत पावलं वाजायची, कधी नुसता श्वास. सगळं शांत झालं, की ती उठायची. दार उघडावं, तर पान रिकामं.

"फुई, माय उनी व्हती ना वं?" आई येऊन गेली ना, असं ती आत्याला विचारायची.

"उनी व्हई," जसोदाबाई म्हणायची. "जिती व्हती तवयबी तिन्हापाईन गुळना डबा लपाडी ठेवना पडे."

रंजना हसायची, आणि तिला खोलीकडे पाहवायचं नाही.

तिचे आबा, म्हणजे वडील लोटन, यांना मधुमेह होता. तहान भागत नव्हती, पायाची जखम भरत नव्हती. सातपुड्यातले लोक या रोगावर बेडकीच्या वेलाचा पाला देत. तो खरंच लागू पडतो का, हे नंदुरबारहून येणारे डॉक्टर लोटन यांना तो देऊन तपासत होते. इंजेक्शन आणि पथ्य आधीसारखंच ठेवायचं आणि वर फक्त पाला वाढवायचा, म्हणजे फरक पडला तर तो पाल्याचाच, असं ते समजावून सांगत. हा पाला चावला, की काही वेळ जिभेला गोडी कळत नाही. रंजनाने एक पान चावून साखर खाल्ली. तोंडात वाळूच आली.

डॉक्टर लघवीचे थेंब निळ्या औषधात घालून नळी उकळायचे. निळं राहिलं तर ठीक, विटेसारखं लाल झालं तर साखर फार. दर खेपेला लालच व्हायचं.

"लोटनभाऊ, चोरून गोड खाता का?"

"देवनी शप्पथ साहेब, गोड असं तोंडले काहीच लागत नही!"

डॉक्टरांनी जखम पाहिली. "मग पाला निकामी म्हणायचा. आणि हे असंच राहिलं, तर पाय कापावा लागेल. तेवढ्यानेही भागेल असं नाही."

पुढच्या खेपेला डॉक्टरांची जीप चावडीपाशी येऊन उभी राहिली, तेव्हा दुपार झाली होती. रंजना दाराला पाठ लावून बसली होती. आत धपकन काहीतरी पडलं. मग कण्हणं ऐकू आलं. माय पडली! तिने रीत विसरून दार ढकललं.

आत आबा होते. दुखरा पाय धरून जमिनीवर बसलेले. ओठ पाल्याने हिरवे, मुठीत गूळ. मागे गोठ्याकडचं दार उघडं होतं.

"आबा! मायना घास तुम्ही खातस?"

लोटन यांनी ओठांवरचा पाला पुसला. "पह्यल्या दिनले पान भरेल ऱ्हायनं, तं तू जेवनीबी नही. माय उनी नही म्हणीसन रडत बसनी. मंग काय करतू? आन पाला चावा का गूळनी माती व्हई जास. मातीघाई काय व्हस पोरी?"

जिभेवरची गोडी गेली म्हणजे गुळातली साखरही गेली, असंच त्यांना वाटत होतं. साखर मात्र रोज अंगात जात होती.

रंजनाने कोनाड्याकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. इतके दिवस ऐकलेली पावलं आबांचीच होती. तेवढ्यात वारा नसताना गोठ्याकडचं दार कुरकुरत मिटलं. दोघंही तिकडे बघत राहिले.

"डॉक्टरले सांगू नको," आबा पुटपुटले. "गाव हसी."

रंजनाने त्यांच्या मुठीतून गूळ काढून घेतला. तापलेल्या धुळीतून ती अनवाणी चावडीकडे धावली आणि सगळ्या गावासमोर तो चिकट खडा तिने डॉक्टरांच्या हातावर ठेवला.

"साहेब, हाऊ गूळ आबा रोज खातस."