कुलपातला कराटे

साहेब, तुम्ही खोटं बोललात. किल्ली हरवलेली नाही. ती तुमच्या जुडग्यात आहे. तुम्ही वाचनालयाचा जिना चढता तेव्हा ती वाजते आणि इथे कपाटात मला ऐकू येते.

मित्रांनो, मी एक जुना खेळ आहे. कॉम्प्युटरवरचा, कराटेच्या लढतीचा. माझं घर म्हणजे एक कॅसेट, गाण्यांची असते तसलीच. शिवाजी पेठेतल्या वाचनालयाच्या लोखंडी कपाटात मी पडून आहे. फितीला बुरशी धरू लागली आहे. अजून एखादा पावसाळा गेला की मी कायमचा पुसला जाईन. मग गोड बोलून काय करू?

परदेशातल्या कुणा हुशार माणसानं मला रचलं. आजच्या एका फोटोलाही पुरणार नाही एवढ्या जागेत त्यानं दोन लढवय्ये बसवले, त्यांच्या मागे डोंगर, देऊळ आणि पांढऱ्या दाढीचा म्हातारा पंच. लढवय्ये आधी एकमेकांना वाकून नमस्कार करतात, मग भिडतात. कसब म्हणावं तर याला!

एक्क्याण्णव साली वीरेश मास्तरांनी मला कोल्हापुरात आणलं. वाचनालयाच्या माडीवर ते मुलांना कॉम्प्युटर शिकवायचे. टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडायचा, कॉम्प्युटर टीव्हीला, आणि मी किंचाळत किंचाळत आत उतरायचो. आवाज जरा कमीजास्त झाला की सगळं पहिल्यापासून. पोरं तरी हलायची नाहीत. खंडेनवमीला तालमीत गदा पुजतात, तशी माडीवर माझी पूजा व्हायची. कुंकवाचा डाग अजून लेबलावर आहे.

शेजारच्या तालमीचे जोतीराम वस्ताद एकदा सहज माडीवर आले. पडद्यावर एकाच्या पोटात लाथ बसली, तो पालथा पडला, दाढीवाल्यानं गुण दिला. पोरांनी एकच गिल्ला केला.

"कशाला बोंबलताय रं?" वस्ताद म्हणाले. "पाठ कुठं लागलीय त्याची? पालथा पडलाय की!"

"पण वस्ताद, पंचानं गुण दिला," मास्तर म्हणाले.

"त्या दाढीवाल्याला काय कळतंय? चीतपट झाल्याबिगर निकाल न्हाय!"

झालं! कराटेला कुस्तीचा नियम लागला. असा अन्याय माझ्यावर जगात कुठे झाला नसेल, आणि असा मानही कुठे मिळाला नसेल. माझा पंच बिचारा गुण देत राहिला, पोरं "पाठ! पाठ!" ओरडत राहिली. कुणी जिंकेचना.

जिंकली ती शिवलीला, मास्तरांची धाकटी बहीण. खाली बसून समोरच्याचे पाय झाडायची एक लाथ माझ्यात आहे. तिनं माणूस उताणाच पडतो. पण जॉयस्टिक तिरकी ओढून नेमक्या क्षणी बटण दाबावं लागतं, म्हणून तिच्या वाटेला कुणी जात नव्हतं. शिवलीलानं ती एकच लाथ घोटली.

खंडेनवमीच्या लढतीला तालमीतला ऋतुराज तिच्यासमोर बसला. "हळू खेळू काय गं? न्हायतर रडशील."

"तू आधी उभा तर ऱ्हा," ती म्हणाली.

आणि खरंच, तो उभा राहिलाच नाही. उठला की उताणा, उठला की उताणा.

"लागली की पाठ!" वस्ताद खुर्चीवरच चढले. स्वतःचा फेटा काढून त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला. तो तिच्या नाकापर्यंत आला. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी शाबासकी, आणि ती माझी नव्हतीच, तिची होती. म्हणूनच मला तिचा अभिमान वाटतो.

मग नवे कॉम्प्युटर आले. मास्तर वारले. आणि वाचनालयाचे नवे ग्रंथपाल म्हणून तुम्ही आलात, साहेब. एकदाही चालवून न बघता मला भंगार म्हणालात आणि कुलूप घातलंत.

परवा शिवलीला आली. आता ती पुण्यात कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिते. बरोबर टेपरेकॉर्डर आणि वायर होती. "साहेब, माझ्या भावाचा, अण्णांचा खेळ हाय तो. फीत खराब व्हायच्या आत नव्या कॉम्प्युटरवर उतरवून घेते. इथल्याच पोरांना खेळू दे की."

तुम्ही म्हणालात, किल्ली सापडत नाही.

वस्ताद काठी टेकत तिच्याबरोबर आले होते. गुडघे गेलेत, आवाज तोच. "लीला, सरक बाजूला. कडीच उपटतो."

"नको वस्ताद. कुलूप तोडून मारलेली कुस्ती तुम्ही धरली असती का?"

वस्तादांनी काठी खाली घेतली. "न्हाय धरली," ते म्हणाले.

मित्रांनो, काय पोरगी आहे ही! जिंकायचं तर नियमानंच, हे ती याच माडीवर शिकली. तुमच्याही घरात माझ्यासारखं काही जुनं असेल. त्याला कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून चालवा. नुसतं जपून ठेवलेलं आतल्या आत मरतं.

साहेब, उद्या ती परत येणार आहे. माझे लढवय्ये आधी वाकतात आणि मग समोरासमोर भिडतात, पाठ फिरवत नाहीत. तुम्ही का फिरवता? जुडग्यातली ती किल्ली उद्या काढणार की नाही?

बोला.