आरशावरचा पाचवा ठिपका

अपूर्वला आरशावरची फळी मिळाली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू?

आमच्या डोंगरावरची मोठी दुर्बीण पन्नास वर्षांची. अधूनमधून हिवाळ्यात तिचा साडेतीन मीटरचा आरसा खाली उतरवतात, ॲल्युमिनियमचा जुना थर धुऊन काढतात आणि नवा चढवतात. त्याआधी काच कापसाने पुसावी लागते. मधोमध हात पोचत नाही, म्हणून वर आडवी फळी टाकून कुणीतरी तिच्यावर पालथं पडतं. इतकी वर्षं ते कुणीतरी म्हणजे मी, सुनेत्रा. बॉस डिसेंबरमध्ये रिटायर होणार, आणि जो फळीवर तोच पुढचा इनचार्ज, हे इथे सगळ्यांना ठाऊक.

"यंदा अपूर्व. हात लांब आहेत त्याचे," बॉसने सकाळी सांगून टाकलं. "ओके, सुनेत्रा?"

"नो वरीज," मी दात आवळून म्हटलं.

पुण्याहून इथे परदेशात येऊन दीड वर्ष झालेलं पोर. आयत्या बिळावर नागोबा! वर हॅरिस पार्कच्या भारतीय दुकानांत गेला की माझ्यासाठी आठवणीने चकल्या आणतो, त्यामुळे धड रागावताही येत नाही.

आरशाजवळ जाण्याआधी जोडीने एकमेकांना तपासायचं, असा नियम. खिसे रिकामे, अंगठ्या काढलेल्या, चष्म्याला दोरी. मग वहीत एकमेकांसाठी सही. माझी जोडी नेमकी त्याच्याशी लागली. मी त्याच्याकडे न बघताच "जा" म्हटलं आणि सही ठोकली.

तो संकोचून हसला. "ताई, तुला मी काय तपासणार?" आणि त्यानेही सही केली.

तो फळीवर पालथा झाला. मी काठाशी उभी राहून कापसाचे बोळे द्यायला लागले. त्याने पहिल्या बोळ्यासाठी हात पुढे केला आणि पातळ हातमोज्याखाली मला उंचवटा दिसला. साखरपुड्याची अंगठी, खड्याची. मोजा फाटला की काचेवर ओरखडा, आणि इनचार्ज म्हणून त्याचं नाव कायमचं बाद.

मी गप्प बसले. बोळा दिला. दुसराही दिला. बरंही वाटत होतं.

तिसऱ्या बोळ्याला मोजा टरकला. खडा चमकला, आणि खाली ती काच, जिचा कण न् कण मी पुसला होता.

"अपूर्व, हात वर!" मी ओरडत पुढे वाकले. त्याने हात झटकन उचलला. पण माझा चष्मा नाकावरून सुटला. त्याची दोरी लॉकरमध्येच राहिली होती.

टक् असा आवाज झाला. काचेचा बारीकसा टवका उडाला.

आमच्याकडे प्रत्येक टवक्यावर काळा रंग लावतात आणि वहीत पाडणाऱ्याचं नाव लिहितात. पन्नास वर्षांत चार ठिपके होते. पाचवा माझा.

तो रंगवायला अपूर्वच फळीवर गेला, साबण लावून अंगठी काढून. उतरला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"ताई, तू ओरडली नसतीस तर तिथे माझं नाव असतं. बॉसलाही मी तेच सांगितलं."

तो आता सगळ्यांना तेच सांगतो. इनचार्ज तोच झाला. लग्नाची पहिली पत्रिका त्याने मला आणून दिली.

वहीत माझ्या नावापुढे वेळ लिहिलीय, अकरा वाजून दहा मिनिटं. अंगठी मला अकरा वाजून आठ मिनिटांनी दिसली होती.